तिखट कानांची परीक्षा
(तृतीय वर्ष कला, तत्त्वज्ञान)

वार्षिकासाठी काहीतरी लिहून दे, असे संपादक मंडळाने सांगितले तेव्हा मी हा विषय सुचवला, आणि मंडळातली दोन माणसे एकदमच हसली. कलाशाखेच्या विद्यार्थ्याने कविता लिहावी, फार तर प्रवासवर्णन लिहावे. रेडिओच्या पेटीत डोके घालण्याचे काम विज्ञान शाखेने करावे, अशी आपल्याकडे एक वाटणीच झालेली आहे. ही वाटणी मला फारशी पटत नाही. तरीही वाचकांनी घाबरून पान उलटू नये. पुढे आकडे येतील, पण गुणाकार-भागाकारापलीकडचे गणित येणार नाही. सांगायची गोष्ट एवढीच आहे, की आपल्याला एखाद्याचे बोलणे ऐकू येत नाही तेव्हा दोष आपल्या कानाचा, बोलणाऱ्याचा की भोवतालच्या गोंगाटाचा, हे अंदाजाने ठरवू नये, मोजून पाहावे. मी अंदाजाने ठरवत बसलो आणि त्यात सहा महिने गेले.

प्रथम या छंदाविषयी दोन शब्द. आकाशवाणी आपण सगळेच ऐकतो. पण केंद्र सरकारच्या दूरसंचार खात्याची परीक्षा देऊन, परवाना घेऊन, स्वतःच्या घरातून बिनतारी संदेश पाठवणारी हौशी माणसेही जगभर आहेत. त्यांना ‘हॅम’ म्हणतात. २६ डिसेंबर २००४ रोजी त्सुनामी आली त्या वेळी अशाच हौशी मंडळींचे एक पथक भारती प्रसाद यांच्या नेतृत्वाखाली अंदमानात पोर्ट ब्लेअर येथे होते. नेहमीचे दळणवळण कोलमडल्यावर त्यांनी आपल्या यंत्रांवरून बेटांवरचे निरोप मुख्य भूमीपर्यंत पोचवले. एरवी मात्र हा निव्वळ हौसेचा मामला. कोणी तयार यंत्र विकत घेतो, कोणी सुटे भाग आणून स्वतः जुळवतो. हैद्राबादचे अशर फरहान यांनी आखलेला ‘बिटएक्स’ हा संच तर आपल्याकडे सहज मिळणाऱ्या स्वस्त भागांवरच बेतलेला आहे, आणि तो परदेशांतल्या हौशी लोकांनीही हौसेने बांधला.

माझा या सगळ्याशी संबंध आला तो आजोळच्या एका काकांमुळे. राजापूर तालुक्यात आमच्या आजोळच्या शेजारी ते राहतात. सारी नोकरी तारखात्यात गेली. २०१३ च्या जुलैत देशातली तारसेवा बंद झाली तेव्हा ते निवृत्त होऊन बरीच वर्षे झाली होती. पण त्या दिवशी ते जेवले नाहीत, असे आजी सांगते. मी सातवी-आठवीत असताना मे महिन्याच्या सुटीत त्यांनी मला स्टीलच्या वाटीवर चमच्याने मोर्सची लिपी शिकवली. त्यांचे स्वतःचे प्रक्षेपणयंत्र अवघ्या एका वॉटचे आहे. दर रविवारी सकाळी नऊला ते सात मेगाहर्ट्झच्या पट्ट्यावर येतात आणि अर्धा तास आपल्या जुन्या ओळखीच्या लोकांशी कट्ट-कडकट्ट करतात.

गेल्या दिवाळीत ते मला म्हणाले, “आता हात थरथरतो रे. अजून किती दिवस बसेन, सांगता येत नाही. तू एकदा पुण्याहून ऐक.”

कोणी विचारील, फोन आहे की! फोनवर त्यांचा आवाज येतो हे खरे. पण तारखात्यातल्या माणसाची खरी ओळख त्याच्या हातात असते. टिंब आणि रेघ यांच्यामधली जागा प्रत्येकाची निराळी, अगदी हस्ताक्षरासारखी. जुने तारमास्तर समोरच्या टोकाला कोण बसले आहे हे दोन शब्दांत ओळखीत. मला काकांचा तो हात ऐकायचा होता.

म्हणून एक जुळणीचा संच मागवला. परीक्षा अजून व्हायची होती, त्यामुळे त्यातला ऐकण्याचा भाग तेवढा बांधायला घेतला. महिनाभर रोज रात्री डाख देत बसलो. पेटी सुरू झाली, हेडफोनमध्ये खरखर आली, मुंबईचा एक भरभक्कम आवाजाचा हॅमही ऐकू आला. मी आनंदाने खोलीतल्या सोबत्याला झोपेतून उठवले. पण रविवारी नऊला काकांच्या जागी नुसती खरखर. पुढच्या रविवारी तेच. आमचे वसतिगृह आणि काकांचे घर यांत सरळ रेषेत दोनशे किलोमीटरच्या आसपास अंतर आहे, आणि सकाळच्या वेळी सात मेगाहर्ट्झच्या लहरी वरच्या आयनांबरावर आपटून तेवढ्या अंतरावर खुशाल उतरतात. कोल्हापूरचा एक गृहस्थ काकांना नियमित उत्तर देत असे, हे मला ठाऊक होते. म्हणजे काका येत होते, मलाच ते ऐकू येत नव्हते.

मग मी नवशिका करतो ते सारे केले. आवाज कमी पडतो असे समजून पेटीच्या शेवटी आणखी एक ध्वनिवर्धक जोडला. आवाज वाढला, पण खरखरही तितकीच वाढली. वर्गात कोपऱ्यातला विद्यार्थी पुटपुटतो आहे, बाकीचा वर्ग बडबडतो आहे, अशा वेळी साऱ्या वर्गासमोर ध्वनिक्षेपक धरण्यासारखा तो प्रकार होता. मोठ्याने ऐकू येणे आणि बारीक ऐकू येणे या दोन भिन्न गोष्टी आहेत, हे मला त्या दिवशी समजायला हवे होते. समजले नाही.

काकांना फोन केला. ते म्हणाले, “अँटेनाची वायर काढून बघ. खरखर कमी होते का?”

“नाही काका. वायर असली काय, नसली काय, सारखीच.”

“मग पेटीच बहिरी आहे. माझ्या एका वॉटाला बोल लावू नकोस!”

एवढे बोलून ते चहा घ्यायला गेले. या साध्या प्रश्नात सारे शास्त्र होते, ते मला पुढे कळले.

आता त्या शास्त्राकडे वळू. रेडिओच्या ग्रहणयंत्राची संवेदनक्षमता म्हणजे काय? यंत्र किती मोठा आवाज करते, याच्याशी तिचा संबंध नाही. किती क्षीण संदेश ते स्वतःच्या खरखरीतून वेगळा काढू शकते, हे तिचे माप. कारण प्रत्येक यंत्राला स्वतःची खरखर असतेच. १९२८ साली अमेरिकेतील बेल प्रयोगशाळेत जॉन्सन यांनी आपली मोजमापे प्रसिद्ध केली आणि त्यांचे सहकारी नाइक्विस्ट यांनी त्यांचे स्पष्टीकरण दिले. कोणत्याही रोधकातले विद्युत्कण उष्णतेमुळे सतत चळवळत असतात, आणि त्या चळवळीतून एक बारीक विद्युत्दाब उत्पन्न होतो. तो टाळता येत नाही. रोधक थंड केला तर कमी होतो, इतकेच. माझ्या संचासारख्या संचात, बोलण्यापुरता पट्टा घेतला, तर पन्नास ओहमच्या अँटेनाच्या तोंडाशी हा दाब सुमारे ०.०२ मायक्रोव्होल्ट भरतो. एक मायक्रोव्होल्ट म्हणजे व्होल्टचा दहा लाखावा भाग. सृष्टीने घातलेली ही किमान मर्यादा. यंत्रातले ट्रान्झिस्टर आणि डायोड तीत आपली भर घालतात. चांगल्या यंत्रात ही भर थोडी, वाईट यंत्रात फार.

संवेदनक्षमता मोजायची रीत यावरूनच निघते. यंत्राला अगदी ठाऊक असलेल्या मापाचा क्षीण संदेश द्यायचा आणि तो खरखरीच्या बरोबरीचा केव्हा होतो ते पाहायचे. अडचण अशी, की मायक्रोव्होल्टचे दशांश मोजणारे मीटर आपल्याजवळ नसते. त्यावर तोड म्हणजे, सहज मोजता येईल असा मोठा संदेश घ्यायचा आणि तो ठरावीक हिशेबाने लहान लहान करीत न्यायचा. दुधात पाणी घालायचे, पण पेला मोजून!

शेजारच्या विज्ञान महाविद्यालयातल्या एका सरांना भेटलो. कलाशाखेचा मुलगा डाखाची सळई घेऊन आला याचे त्यांना नवल वाटले, पण त्यांनी प्रयोगशाळेत बसू दिले. ७.१५९ मेगाहर्ट्झचा स्फटिक बाजारात स्वस्तात मिळतो, आणि ही कंपनसंख्या नेमकी आपल्या हौशी पट्ट्यात पडते. तो वापरून मी एक लहानसा ऑसिलेटर बांधला. सरांच्या ऑसिलोस्कोपवर त्याचा दाब पन्नास ओहमच्या रोधकावर शिखरापासून शिखरापर्यंत २०० मिलिव्होल्ट भरेल असा जुळवला. मोजणीच्या प्रमाणभूत रीतीने हे झाले ७० मिलिव्होल्ट, म्हणजेच ७०,००० मायक्रोव्होल्ट.

पुढे अटेन्युएटर, म्हणजे संदेश मोजून-मापून अशक्त करणाऱ्या पेट्या. प्रत्येक पेटीत तीनच रोधक: दोन ६२ ओहमचे आणि त्यांच्यामध्ये २४० ओहमचा एक. अशा एका पेटीतून गेले की दाब दहाव्या हिश्शावर येतो. जाणकार याला २० डेसिबल म्हणतात. मी सहा पेट्या केल्या. हिशेब सोपा: एका पेटीनंतर ७,००० मायक्रोव्होल्ट, दुसरीनंतर ७००, तिसरीनंतर ७०, चौथीनंतर ७, पाचवीनंतर ०.७ आणि सहावीनंतर ०.०७.

इथे एक फजिती झाली, ती सांगणे अवश्य आहे. पहिल्या दिवशी चार पेट्या लावल्या काय नि सहा लावल्या काय, आवाज तोच! मला वाटले, आपला रेडिओ कमालीचा तिखट कानांचा आहे. सर म्हणाले, “केबल काढून घ्या बघू.” केबल काढली, तरी ऑसिलेटर ऐकू येतच राहिला. संदेश पेट्यांतून येतच नव्हता. उघड्या ऑसिलेटरमधून थेट हवेतून रेडिओच्या पोटात शिरत होता. ज्या प्रयोगात दाब दहा लाखपट कमी करायचा आहे, तिथे बारीकशी गळतीही सारे माप खोटे पाडते. मग ऑसिलेटर त्याच्या बॅटरीसकट बिस्किटांच्या पत्र्याच्या डब्यात बंद केला, कडा डाखाने लिंपल्या, आणि प्रत्येक अटेन्युएटरला पत्र्याची वेगळी खोली दिली. केबल काढली की पूर्ण शांतता, अशी खात्री झाल्यावरच मोजायला बसलो.

मोजणी अशी केली. रेडिओच्या अँटेनाच्या जागी पन्नास ओहमचा रोधक लावला, म्हणजे बाहेरचे काही येऊ नये. हेडफोनच्या जागी मीटर लावला. खरखरीसारखा वेडावाकडा दाब साधा स्वस्त मीटर चुकीचा वाचतो, म्हणून सरांचा खरा आर.एम.एस. वाचणारा मीटर उसना घेतला. आवाजाची कळ फिरवून नुसत्या खरखरीचे वाचन दहा मिलिव्होल्टवर आणले आणि कळीला पुन्हा हात लावला नाही. मग पेट्यांतून संदेश सोडला. वाचन दहाचे चौदा होते तेव्हा संदेशाची शक्ती खरखरीच्या शक्तीइतकी झालेली असते. चौदा का, वीस का नाही? कारण इथे शक्तींची बेरीज होते, आणि शक्ती दुप्पट झाली की दाब १.४ पट होतो. या पायरीला किमान जाणवणारा संदेश म्हणतात. याच्या तिप्पट दाब दिला की ऐकणाऱ्याला अक्षरे सुखाने कळू लागतात. जाहिरातींतून संवेदनक्षमता म्हणून जो आकडा छापतात तो बहुधा या दुसऱ्या पायरीचा असतो. दोन यंत्रांची तुलना करताना आकडा कोणत्या पायरीचा आहे ते पाहावे, नाहीतर फसगत होते.

माझ्या रेडिओचे उत्तर आले चार पेट्यांवर: ७ मायक्रोव्होल्ट. सृष्टीची मर्यादा ०.०२, चांगल्या संचाची अपेक्षा दशांशाच्याही खालची, आणि माझा संच ७ वर! काकांचे निदान बरोबर होते. अँटेनातून येणारी बाहेरची खरखर या बहिऱ्या पेटीच्या स्वतःच्या खरखरीपेक्षा लहान होती. म्हणून वायर काढली तरी फरक पडत नव्हता.

आता दोष शोधायचा. सरांनी सुचवले, संदेश अँटेनाशी न देता एकेक टप्पा गाळून आत आत देत जा. संदेश प्रथम दोन वेटोळ्यांच्या गाळणीतून जातो आणि मग मिक्सरमध्ये. गाळणी वगळून थेट मिक्सरच्या तोंडाशी संदेश दिला, तर पाच पेट्यांनंतरही तो ठणठणीत ऐकू आला. म्हणजे चोर गाळणीत. वेटोळी उतरवून भिंग लावून वेढे मोजले. माहितीपत्रकात लोखंडी भुकटीच्या कडीवर तीस वेढे सांगितले होते. मी दोन्ही कड्यांवर पंचवीसच दिले होते. तक्त्यातली शेजारची ओळ वाचून मी मोकळा झालो होतो. वेढे आणि कंपनसंख्या यांचे प्रमाण व्यस्त असते. सात मेगाहर्ट्झला उघडायचे दार साडेआठला उघडले होते, आणि काकांचा एक वॉट बंद दारावर टकटक करीत होता. मुंबईचा हॅम मात्र दार बंद असूनही ऐकू येत होता, कारण तो मोठ्याने बोलत होता! त्याच्यामुळेच मला वाटत राहिले, की पेटी ठीक आहे.

नवी वेटोळी गुंडाळली, ट्रिमर जुळवले, पुन्हा मोजले. वाचन दहाचे चौदा झाले ते सहाव्या पेटीवर: ०.०७ मायक्रोव्होल्ट. दाबात शंभरपट, शक्तीत दहा हजारपट सुधारणा. सर म्हणाले, “याहून जास्तीची हाव धरू नका.” मी त्या वेळी हे वाक्य नम्रतेचा उपदेश समजलो. ते शुद्ध तांत्रिक वाक्य होते.

रविवारी नऊला वसतिगृहात कानाला हेडफोन लावून बसलो. आता अँटेना जोडताच खरखर एकदम उसळली. मीटर लावला: दहाचे तीनशे! काका? कधी मध्येच एखादे अक्षर आल्याचा भास व्हायचा, पुन्हा सारे बुडायचे. पेटी आता निर्दोष होती. बहिरेपणा गेला होता, पण मी बाजारात उभा होतो. एलईडी दिव्यांचे स्वस्त अडॅप्टर, मोबाइलचे चार्जर, जिन्यातली नळीची दिवाबत्ती, सारे मिळून सात मेगाहर्ट्झवर अखंड कलकलाट करीत होते. रेडिओ आणखी दहापट तिखट केला असता, तरी हा कलकलाटच त्याने दहापट बारकाईने ऐकवला असता. या पट्ट्यावर यंत्राची खरखर बाहेरच्या खरखरीपेक्षा बरीच खाली गेली की त्यापुढच्या संवेदनक्षमतेचा उपयोग नसतो. काकांचा तो वायर काढून पाहण्याचा प्रश्न नेमके हेच तपासतो: वायर जोडल्यावर खरखर वाढली, तर यंत्राने आपले काम केले, पुढचे काम यंत्राचे नाही, जागेचे आहे.

मी काही जगावेगळे भोगत नव्हतो. बेल प्रयोगशाळेतच कार्ल जान्स्की यांना बिनतारी संदेशांत व्यत्यय आणणारी खरखर कुठून येते ते शोधायचे काम दिले होते. त्यांनी २०.५ मेगाहर्ट्झवर फिरती अँटेना उभारली. वादळांची खरखर वेगळी काढली, तरी एक मंद सळसळ उरली. ती रोज चार मिनिटे लवकर येई, म्हणजे सूर्याच्या नव्हे, ताऱ्यांच्या घड्याळाने चाले. ती आकाशगंगेच्या मध्याकडून, धनू राशीच्या दिशेने येत होती. १९३३ साली त्यांनी हे जाहीर केले आणि त्यातून रेडिओ-खगोलशास्त्र जन्मले. खरखरीचाही उगम मोजून शोधला म्हणून हे हाती लागले. पुढे प्राध्यापक गोविंद स्वरूप यांनी नारायणगावजवळ खोडद येथे ४५ मीटर व्यासाच्या तीस अँटेनांची प्रचंड दुर्बीण उभारली. पुण्यापासून सुमारे ऐंशी किलोमीटर दूर जाण्याची जी कारणे होती, त्यांत माणसाने केलेला रेडिओ-गोंगाट तिथे कमी, हेही एक होते. एवढ्या मोठ्या दुर्बिणीला जे करावे लागले, ते माझ्या पेटीलाही करणे भाग होते.

सासवडच्या बाजूला वर्गमित्राचे शेत आहे. पुढच्या शनिवारी बारा व्होल्टची बॅटरी, पेटी आणि मीटर घेऊन तिकडे मुक्कामाला गेलो. सकाळी दोन आंब्यांच्या मध्ये वीस मीटर लांबीची तार ताणली. सात मेगाहर्ट्झला अर्ध्या लहरीची लांबी तेवढीच भरते. अँटेना जोडली. मीटर दहावरून साठ-सत्तरवर गेला आणि थांबला. शहरातले तीनशे इथे नव्हते. मित्राच्या आईने न्याहारीला बोलावले, पण नऊ वाजत आले होते.

नऊ वाजून तीन मिनिटांनी काका आले. क्षीण, पण स्वच्छ. टिंबे जरा लांबलेली, रेघा मध्येच तुटणाऱ्या. तो थरथरता हात मी दिवाळीत डोळ्यांनी पाहिला होता, आता कानांनी ओळखला. कोल्हापूरकरांनी उत्तर दिले. पावसाची चौकशी झाली, कोणाच्या तरी नातवाचे बारसे झाले होते. शेवटी काकांनी ‘आणखी कोणी आहे का’ अशी हाक दिली आणि थांबले. परवाना नसल्यामुळे मला उत्तर देता येत नव्हते. मी वहीवर वेळ लिहिली आणि बसून राहिलो.

संध्याकाळी पोस्टकार्ड लिहिले. हौशी लोकांत ऐकण्याचा अहवाल तीन आकड्यांत देतात: पहिला आकडा सुबोधतेचा, दुसरा जोराचा, तिसरा स्वराच्या शुद्धतेचा. सर्वांत उत्तम ५९९. पुष्कळ लोक सौजन्य म्हणून सर्रास ५९९ देऊन टाकतात. मी मीटरचे वाचन डोळ्यांसमोर ठेवून ३४९ लिहिले, आणि खाली वेटोळ्यांची कबुलीही दिली.

आठ दिवसांनी उत्तर आले. “३४९ पोचले. खरे माप दिलेस, बरे वाटले. पंचवीस वेढ्यांची गोष्ट आजीला सांगितली, ती हसली. परीक्षेचा फॉर्म भर. मी अजून आहे.”

फॉर्म भरला आहे. ज्यांनी असा एखादा संच बांधला असेल आणि ज्यांना तो बहिरा वाटत असेल, त्यांनी ध्वनिवर्धक विकत घेण्यापूर्वी अँटेनाची वायर एकदा काढून पाहावी. अटेन्युएटरच्या सहा पेट्या आणि बिस्किटांचा डबा माझ्या खोलीत आहेत. कोणालाही उसन्या मिळतील.